शब्दांचा कर्ता

पतंजलीने महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात एक साधा दाखला दिला आहे. भाषेच्या उगमासंबंधी आपल्या दर्शनकारांत जो प्रदीर्घ वाद पुढे चालला त्याचे मर्म त्या एका दाखल्यात आले आहे असे मला नेहमी वाटते. ज्याला घटाचे काम पडते तो कुंभाराच्या घरी जातो आणि मला एक घट करून दे म्हणून सांगतो. परंतु ज्याला शब्दांचे काम पडते तो वैयाकरणाच्या घरी जाऊन, मला शब्द करून दे, मी ते वापरीन, असे म्हणत नाही. मनात अर्थ उपजताच तो बोलू लागतो. शब्द, अर्थ आणि त्यांचा संबंध ही त्रयी लोकव्यवहारात आधीच सिद्ध असते. व्याकरणशास्त्र त्यातले काही निर्माण करीत नाही, साधु शब्दांच्या प्रयोगाने धर्म घडतो एवढाच नियम ते घालून देते, हा त्या दाखल्याचा अभिप्राय. दोन सहस्र वर्षांहून अधिक काळ या विधानाला बाध आला नाही. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी फारसी संज्ञांच्या जागी संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश सिद्ध करविला, तेव्हासुद्धा पंडितांनी जे केले ते जुन्या धातूंना आणि उपसर्गांना नव्या कामावर नेमण्याचे. त्यांतल्या प्रत्येक शब्दाची वंशावळ विचारली तर ती सांगता येत होती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र अमेरिकेतील चित्रपटनिर्माते खरोखरच एका वैयाकरणाच्या दारी गेले. 1984 साली प्रदर्शित झालेल्या 'स्टार ट्रेक' मालिकेतील तिसऱ्या चित्रपटासाठी त्यांना क्लिंगॉन नावाच्या परग्रहवासी योद्ध्यांची भाषा हवी होती, आणि ती अशी हवी होती की पृथ्वीवरील कोणत्याही भाषेशी तिचे रक्ताचे नाते लागू नये. भाषाशास्त्रात ज्या भाषेचे कूळ सापडत नाही तिला एकाकी भाषा म्हणतात. इथे ते एकाकीपणच मागणीचा विषय होता. मार्क ओकरँड या भाषापंडिताने ते काम पत्करले. 1979 च्या पहिल्या चित्रपटासाठी जेम्स डूहान या नटाने काही मोजकी, अर्थापेक्षा आवेशच अधिक असलेली अक्षरे रचली होती. ती आधार धरून ओकरँडने वर्णमाला, प्रत्ययविचार आणि वाक्यरचना असा सगळा संसार उभा केला आणि 1985 साली त्याचा कोश प्रसिद्ध झाला. वैयाकरणाने शब्द घडवून दिले, गिऱ्हाइकांनी ते नेले आणि वापरले. तेव्हा पतंजलीचा दाखला खोटा पडला काय, आणि पडला असेल तर शब्दार्थांचा संबंध नित्य मानणाऱ्या मीमांसकाने आता काय म्हणावे, हा प्रश्न मला गंभीरपणे विचारण्याजोगा वाटतो. पण उत्तराला हात घालण्यापूर्वी ती भाषा जवळून पाहिली पाहिजे, कारण तिच्या ध्वनींत आणि व्याकरणातच या प्रश्नाचा निम्मा उलगडा आहे.

ध्वनींची निवड करताना ओकरँडचे धोरण असे होते की सुटा प्रत्येक वर्ण मनुष्याच्या मुखातून निघू शकणारा असावा, कारण बोलणारे नट माणसेच होते. पण एवढे वर्ण एकत्र असलेली वर्णमाला कोणत्याही मानवी भाषेत आढळू नये. म्हणून त्याने मूर्धन्य 'ड' घेतला, परंतु त्याचा जोडीदार 'ट' घेतला नाही. 'त' घेतला, पण 'द' वगळला. 'ष' ठेवला, 'स' आणि 'श' दोन्ही टाकले. आणि ज्या 'क' काराने आपल्या मुलांची अक्षरओळख सुरू होते तो तर समूळ काढून टाकला. 'क' नाही, 'ग' नाही, पण 'ङ' मात्र आहे. आपल्या वर्णमालेचे वर्ग म्हणजे स्थान आणि प्रयत्न यांच्या हिशेबाने आखलेला चौरस पट आहे. त्या पटावरची काही घरे हेतुपुरस्सर रिकामी ठेवावीत आणि ती रिक्तता हेच परकेपणाचे लक्षण मानावे, ही योजना प्रातिशाख्ये वाचलेल्या माणसाला तत्काळ लक्षात येते. याशिवाय पडजिभेपाशी उच्चारला जाणारा एक कठोर वर्ण आहे, तोच घर्षणासह उच्चारलेला दुसरा आहे, कंठातला क्षणिक अवरोध आहे, आणि जिभेचे टोक दातांमागे टेकवून तिच्या दोन्ही कडांनी वारा सोडल्यावर होणारा एक संयुक्त ध्वनी आहे. फारसीतील 'खबर', 'बाग', 'हक' हे शब्द मराठीने दप्तरात दाखल करून घेतले, पण त्यांच्या मूळ उच्चारातील 'ख', 'ग' आणि 'क' यांचे विशिष्ट घर्षण व स्थान उंबऱ्याबाहेरच ठेवले. तेच तीन ध्वनी या परग्रहावरच्या भाषेत जसेच्या तसे ऐकू येतात. आणि अमेरिकन श्रोत्याला ज्या 'ड' आणि 'ष' यांत अपरिचित ग्रहावरचा कर्कशपणा जाणवावा अशी अपेक्षा होती, ते 'घोडा' आणि 'भाषा' म्हणताना आपण रोज उच्चारतो. परकेपण ध्वनीत नसते, ऐकणाऱ्याच्या सवयीत असते.

वाक्यरचनेचीही तीच गत. या भाषेत कर्म प्रथम येते, मग क्रियापद, आणि कर्ता शेवटी. मराठीत पद्यात किंवा आवेशात असा क्रम येऊ शकतो, कारण विभक्तिप्रत्यय कर्त्याला आणि कर्माला कुठेही ओळखू देतात. क्लिंगॉनमध्ये कर्त्याला वा कर्माला निराळी विभक्ती नाही, त्यामुळे क्रमावरच अर्थाचा मोठा भार पडतो. हा क्रम मनुष्यजातीत अतिविरळ म्हणून निवडलेला. परंतु तो शून्यातून आणलेला नाही: ब्राझीलच्या अरण्यातील हिश्कर्याना भाषेत तोच क्रम स्वाभाविक असल्याचे डर्बिशायर या अभ्यासकाने त्याच्या थोडेच आधी विद्वानांच्या नजरेस आणले होते. क्रियापदाला लागणाऱ्या प्रत्ययांचे नऊ गण, नामाला लागणाऱ्यांचे पाच, आणि एकाहून अधिक प्रत्यय आले तर त्यांचा अनुक्रम ठरलेला; क्रियापदाच्या आधी एकच उपसर्ग, तोही असा की कोण करतो आणि कोणाला करतो ही दोन्ही माहिती एकदम द्यावी. 'असणे' या अर्थाचे स्वतंत्र क्रियापद नाही. पण या अभावाने आपण विस्मित होण्याचे कारण नाही. 'हा माझा भाऊ' म्हणताना आपणही ते गाळतोच, आणि असे वाक्य पूर्ण कसे होते यावर आपल्या वैयाकरणांनी पूर्वीच निर्णय दिला आहे की क्रियापद उच्चारलेले नसेल तिथे 'आहे' ही क्रिया अध्याहृत समजावी.

या व्याकरणातील ज्या एका तपशिलाने मला सर्वांत अधिक विचारात पाडले तो अनेकवचनाचा आहे. क्लिंगॉनमध्ये अनेकवचनाचे तीन प्रत्यय आहेत: एक शरीराच्या अवयवांसाठी, एक इतर वस्तूंसाठी, आणि एक केवळ अशा जीवांसाठी की ज्यांना भाषा बोलता येते. संस्कृतात, मराठीत नामांचे विभाग लिंगावरून होतात, काही भाषांत सजीव-निर्जीव भेदावरून. इथे मात्र विश्वाचे विभाजन वाणीच्या कसोटीवर केले आहे. बोलू शकणाऱ्यांना वस्तूंचा प्रत्यय लावला तर त्यांत इतस्ततः विखुरलेपणाची छटा येते. न बोलणाऱ्यांना मात्र वाणीचा प्रत्यय, काव्य सोडले तर, लावता येत नाही. ज्या भाषेला पूर्वज नाहीत, जिचा जन्म मोबदला घेऊन केलेल्या कारागिरीतून झाला, तिने आपल्या व्याकरणाच्या गाभ्यात वाणीलाच असे अधिष्ठान द्यावे हे लक्षणीय आहे. वाणी असलेल्याखेरीज दुसऱ्या कोणाला ते सुचले नसते.

आणि नेमके हेच मीमांसकाचे म्हणणे आहे. जैमिनीने शब्दार्थसंबंधाला औत्पत्तिक म्हटले, म्हणजे तो कोणा पुरुषाने केलेला नाही. त्यावर शबरस्वामींनी जो विचार केला त्यात दोन युक्तिवाद विशेष बलवान आहेत. पहिला असा: कोणी पुरुषाने शब्दाचा अर्थाशी संबंध जोडला असे मानले, तर तो त्याने कोणत्या शब्दांनी जोडला? 'याला गाय म्हणा' हे सांगायलाही काही शब्दांचा अर्थ आधी ठाऊक असावा लागतो. त्यांचा संबंध जोडायला आणखी काही शब्द. आणि ही परंपरा कुठे तरी थांबवायची तर काही शब्द अकृत मानणे प्राप्त होते. ओकरँडचा कोश उघडून पाहावा. तो इंग्रजीत आहे. प्रत्येक नव्या शब्दापुढे एक जुना शब्द उभा आहे आणि नव्याला अर्थाची सनद त्या जुन्याकडून मिळाली आहे. कूळ नसलेली म्हणून मुद्दाम घडविलेली भाषा वर्णांत एकाकी असू शकते, रूपांत असू शकते, क्रमात असू शकते. अर्थवत्तेत ती एकाकी असू शकत नाही, कारण अर्थवत्ता तिने वारशानेच घेतलेली असते. बाराव्या शतकात ऱ्हाइन नदीकाठच्या मठात राहणाऱ्या हिल्डेगार्ड या जोगिणीने हजाराहून थोड्या अधिक शब्दांची एक अज्ञात वाणी रचली, तिच्यासाठी तेवीस अक्षरांची लिपीही योजली, आणि ईश्वर, देवदूत, संत अशा क्रमाने नावे देत ती खाली मनुष्य, वनस्पती, पक्षी यांच्यापर्यंत आली. ईश्वराला 'ऐगोंझ', देवदूताला 'ऐएगांझ'. त्या नामावळीत भक्तीची जी एकाग्रता आहे ती मला पूज्य वाटते. परंतु त्या वाणीतले काही शब्द ज्या स्तोत्रात येतात त्याची चौकट लॅटिनची आहे, आणि सैतानासाठी योजलेल्या 'दिउएलिझ' या शब्दात तिच्या मातृभाषेतला सैतान लपत नाही.

नैयायिकाला मीमांसकाचा हा अनादिवाद मान्य नाही. सृष्टीला आरंभ आहे, तेव्हा संकेतालाही आरंभ आहे, आणि तो ईश्वराने केला असे तो म्हणतो. मग पहिल्या माणसाला पहिला शब्द कसा कळला, या शबरस्वामींच्या अडचणीला उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत दिलेले उत्तर फार कल्पक आहे: सर्गारंभी ईश्वरच मायावी सूत्रधाराप्रमाणे दोन देह धारण करतो, एक आज्ञा देणाऱ्याचा आणि दुसरा ती पाळणाऱ्याचा, 'गाय आण' असे एक म्हणतो, दुसरा आणतो, आणि पाहणाऱ्यांना शब्दाचा अर्थ व्यवहारावरून उमजतो. म्हणजे ईश्वरालाही कोश छापता आला नाही, त्यालाही व्यवहार मांडून दाखवावा लागला. हे मला नैयायिकाच्या पक्षातले सर्वांत सखोल विधान वाटते. वृद्धव्यवहार, म्हणजे जाणत्यांचे बोलणे-वागणे पाहून भाषा शिकणे, हा राजमार्ग दोन्ही पक्षांना सारखाच मान्य आहे हे त्यातून दिसते.

मनुष्याने अलीकडे केलेल्या संकेताचे काय, हा कज्जाही न्यायशास्त्रात पूर्वीच उभा राहिला होता. संकेत दोन प्रकारचे, आजानिक आणि आधुनिक; पहिल्यात अर्थबोध करून देणारी शक्ती असते, दुसरा केवळ शास्त्रकारांची परिभाषा. विश्वनाथाच्या मुक्तावलीत सांप्रदायिकांचे मत असे दिले आहे की आधुनिक संकेतात शक्तीच नाही. बाप मुलाचे नाव ठेवतो तिथे ती आहे, कारण नाव ठेवण्याची आज्ञा श्रुतीची आणि म्हणून त्यात ईश्वरेच्छेचा अंश आहे. नव्यांचे म्हणणे निराळे: शक्ती म्हणजे इच्छा, ती ईश्वराचीच असली पाहिजे असे नाही, म्हणून आधुनिक संकेतातही शक्ती आहेच. ओकरँडची भाषा हे नव्यांच्या पक्षाचे उदाहरण होईल. तरीही इच्छामात्राने शब्द अर्थवान होतो, इतके स्वस्त मत स्वीकारायला माझे मन तयार होत नाही, आणि त्याचे कारण शबरस्वामींच्या दुसऱ्या युक्तिवादात आहे.

तो युक्तिवाद असा की जिथे संकेताला कर्ता असतो तिथे व्यवहार सिद्ध होण्यासाठी त्या कर्त्याचे स्मरण अवश्य असते. 'वृद्धि' म्हणजे आ, ऐ, औ हे वर्ण, हे ज्याला पाणिनी प्रमाण आहे त्यालाच कळते. 'म' म्हणजे तीन गुरू अक्षरांचा गण, हे पिंगलाला मानणाऱ्यालाच कळते. 'गाय' या शब्दाच्या बाबतीत असा कोणी पुरुष कोणाला आठवत नाही आणि आठवण्याची गरजही पडत नाही. म्हणून तो अकृत. ही कसोटी घडविलेल्या भाषांना लावली म्हणजे एक भेद स्पष्ट दिसतो. क्लिंगॉनच्या अभ्यासकांची 1992 साली एक संस्था निघाली, शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चा त्या भाषेत अनुवाद झाला. पण त्या मंडळींत आजही नवा शब्द अधिकृत ठरतो तो ओकरँडने दिला तरच. तिथे पाणिनीचे स्मरण क्षणोक्षणी करावे लागते, आणि म्हणून शबरस्वामींच्या हिशेबाने ती अजून परिभाषाच आहे. एका भाषाशास्त्रज्ञ पित्याने आपल्या मुलाशी जन्मापासून पहिली काही वर्षे केवळ हीच भाषा बोलून पाहिली. मुलाला ती कळत असे, परंतु भोवतीचे सगळे जग इंग्रजीत बोलत असल्याने त्याने ती पुढे सोडून दिली. एक वृद्ध म्हणजे वृद्धव्यवहार नव्हे. उदयनाच्या ईश्वरानेही दोन देह घेतले होते.

याच्या उलट 1887 साली झामेनहॉफने प्रसिद्ध केलेल्या एस्पेरांतोचे झाले. तिचे धातू युरोपातील भाषांतून उचललेले, म्हणून ती एकाकी मुळीच नाही. परंतु 1905 साली फ्रान्समधील बुलोन येथे तिच्या अनुयायांच्या पहिल्या जागतिक परिषदेत जे घोषणापत्र मंजूर झाले त्यात ही भाषा कोणाचीही मालमत्ता नाही आणि तिच्या कर्त्याने आपले सर्व हक्क सोडले आहेत असे नमूद केले गेले. पुढे त्या भाषेत संसार झाले, आईबापांच्या तोंडून ती मुलांनी उचलली. त्या मुलांना झामेनहॉफचे नाव ठाऊक असते. पण 'पाणी' मागताना त्यांना त्याची आठवण करावी लागत नाही. शबरस्वामींनी कर्त्याचे स्मरण आणि कर्त्याची अपेक्षा या दोन गोष्टी एकच धरल्या, कारण त्यांच्यापुढे त्या वेगळ्या पडल्याचे उदाहरण नव्हते. मला वाटते की त्या वेगळ्या करून मीमांसकाचा सिद्धांत आजही उभा राहतो: शब्दाला कर्ता असेलही, त्याचे नाव इतिहासात नोंदलेले असेलही, पण व्यवहाराला त्या कर्त्याची अपेक्षा ज्या क्षणी उरत नाही त्या क्षणी तो शब्द अपौरुषेयाच्या पंक्तीला बसतो.

या मताची परीक्षा आपल्या घरच्या एका भाषेवर करता येते. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोदच्या परिसरात निहाली नावाची भाषा दोनएक हजार लोक बोलतात. तिचे कूळ कोणालाही निश्चित सांगता आलेले नाही. शब्दसंग्रहाचा मोठा भाग कोरकू, मराठी आणि द्राविडी भाषांतून आलेला. दोनापासून चारापर्यंतचे आकडे द्राविडी वळणाचे, पाचापासून पुढचे आर्य वळणाचे. पण एकाला 'बिडुम', आणि त्यासारखा जो सुमारे चतुर्थांश शब्दभांडार उरतो त्याला जगात नातलग नाही. कॉइपर या डच पंडिताने 1962 साली या भाषेचा अभ्यास प्रसिद्ध करताना एक शंका मांडली: भोवतालच्यांना कळू नये म्हणून एखाद्या टोळीने मुद्दाम घडविलेली ही सांकेतिक बोली तर नसेल? शंका विद्वानाची आहे आणि तिच्यात वाईट हेतू नाही. गुरांच्या बाजारातील दलालांनी आकड्यांना निराळी नावे दिल्याचे आपल्याला माहीत आहेच. तरी मला ती बोचते. परग्रहवासी म्हणून घडविलेल्या भाषेला भाषा म्हणून स्वीकारताना कोणाची जीभ अडखळत नाही, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या संसार करणाऱ्या माणसांना मात्र त्यांच्या वाणीबद्दल दाखला मागितला जातो. पण क्षणभर ती शंका खरी धरली, कोणे एके काळी कोणी ती रचली असे मानले, तरी त्याने काय बदलते? निहाली घरातले मूल ती आईच्या तोंडून शिकते. त्याला कोणा कर्त्याची सनद लागत नाही. ती करून घेतलेली आहे की आपोआप वाढलेली, हे तिच्या ध्वनींवरून वा प्रत्ययांवरून ओळखता येत नाही, आणि ज्यावरून ओळखता येईल तो व्यवहार तिच्या बाजूने साक्ष देतो. भय आहे ते दुसरेच: शाळा मराठीची, बाजार मराठीचा, आणि वृद्धव्यवहारातले वृद्ध कमी होत चाललेले.

ओकरँडने क्लिंगॉन घडविण्यापूर्वी 1977 साली बर्कली येथे जो प्रबंध लिहिला तो मुत्सुन भाषेच्या व्याकरणावर होता. कॅलिफोर्नियातील सान हुआन बाउतिस्ता मिशनच्या आसपासच्या मूळ रहिवाशांची ही भाषा जाणणारी शेवटची स्त्री, असेन्सियोन सोलोर्सानो, 1930 साली वारली. तिच्या अखेरच्या महिन्यांत हॅरिंग्टन या संशोधकाने तिच्या तोंडून उतरून घेतलेली टिपणे आणि त्याआधीच्या शतकातील मिशनमधल्या एका पाद्र्याने केलेल्या नोंदी अशा सामग्रीवरून तो प्रबंध सिद्ध झाला. पुढे त्या जमातीच्या वंशजांनी आपली भाषा परत मिळविण्याचा संकल्प केला, आणि तीच टिपणे व तोच प्रबंध हाताशी धरून ते शिकू लागले. 2016 साली त्यांचा कोशही निघाला. जिला कधी कर्ता नव्हता अशी ती भाषा, आता कागदावरून तोंडात येते आहे. सोलोर्सानोच्या काळी नसलेल्या वस्तूंसाठी त्यांना नवे शब्द घडवावे लागतात. ते कोणी घडविले हे आज शिकणाऱ्यांना ठाऊक असते. त्यांच्या नातवंडांना ते विचारण्याचे कारण पडेल की नाही, एवढ्यावरच मुत्सुनचे पुढचे सगळे अवलंबून आहे.